लांडोर धुऱ्यावर, पेरणी वावरात : मोराचं वर्ष समजलं तर पीकही वाचेल आणि मोरही

बुलढाणा : मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले की घाटावर आणि घाटाखाली सगळीकडे एकच लगबग सुरू होते. तिफण, ट्रॅक्टर, बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती. नेमक्या याच दिवसांत वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या झुडपात आणखी एकाची लगबग चाललेली असते. लांडोर अंडी घालायला जागा शोधत असते.

इथूनच तक्रारीला सुरुवात होते. पेरलेलं बी मोरांनी उकरलं, कोंब खुडले, असं शेतकरी सांगतो. आणि त्याच महिन्यांत कुठे विषारी दाणे खाऊन मोर मरतात, कुठे धुरा साफ करताना अंडी फुटतात, कुठे पिल्लू विहिरीत पडतं. यातलं बरंचसं नुकसान कुणी मुद्दाम करत नाही. मोर रोज दिसतो, पण तो कसा जगतो हे फारसं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून ते होतं. मोराचं वर्ष आणि आपला खरीप एकमेकांना कुठे कुठे भिडतात हे एकदा कळलं, तर दोन्हीकडचं नुकसान बऱ्यापैकी टाळता येतं.

पंख आहेत, पण जगणं जमिनीवरचं

मोर उडतो. कुत्रा अंगावर आला की पंखांचा मोठा आवाज करत सरळ वर उठतो आणि झाडावर जाऊन बसतो. पण ते उडणं थोड्या अंतराचं. दिवसभराचं त्याचं सगळं काम पायी चालतं. कोंबडी, तितर, लावा आणि रानकोंबडा यांच्याच कुळातला हा पक्षी आहे. पायानं माती उकरायची, दाणा टिपायचा, धोका दिसला की आधी पळायचं आणि अगदीच वेळ आली तर उडायचं, ही या कुळाची रीत.

पूर्ण वाढलेला नर साधारण ४ ते ६ किलोचा असतो. लांडोर त्याहून हलकी, ३ ते ४ किलोच्या आसपास. पिसाऱ्यासकट मोजला तर नर चोचीपासून टोकापर्यंत २ मीटरच्या पुढे जातो. एवढा मोठा पक्षी जमिनीवर चरतो, जमिनीवरच अंडी घालतो आणि तरीही टिकून आहे, कारण रात्र तो जमिनीवर काढत नाही. दिवस मावळताना मोर उंच झाडावर चढतात. वड, पिंपळ, चिंच, कडुलिंब अशी जुनी मोठी झाडं त्यांची ठरलेली मुक्कामाची जागा असते. सकाळी एकेक करून खाली उतरतात. म्हणून गावातलं एखादं जुनं झाड तुटलं की मोरांचा अख्खा कळप जागा बदलतो.

खाण्याच्या बाबतीत मोराचे नखरे नाहीत. धान्य, गवताचं बी, कोवळे कोंब, बोरं, उंबरं, वाळवी, टोळ, नाकतोडे, अळ्या, सरडे, लहान उंदीर, लहान साप, सगळं त्याला चालतं. म्हणजे तो पिकावरचे किडेही खातो आणि पीकही खातो. त्याला फक्त ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणणं अर्धवट आहे आणि फक्त ‘पिकाचा शत्रू’ म्हणणंही अर्धवटच.

आपल्या जिल्ह्यात मोराला हवं ते सगळं आहे. बुलढाणा, खामगाव, मोताळा या भागात पसरलेलं ज्ञानगंगा अभयारण्य, संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतलं अंबाबारवा अभयारण्य, आणि लोणारच्या विवरातलं दाट रान. लोणार सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळ म्हणून जागतिक मान्यता मिळाली. सरोवराचं पाणी खारं, पण विवराच्या उतारावर झाडी आहे, गोड्या पाण्याचे झरे आहेत, आणि तिथले मोर अनेकांनी पाहिलेले आहेत. सागाचं कोरडं जंगल, मध्ये नाला, नाल्याला लागून वावर आणि वावराच्या धुऱ्यावर बोरी-बाभळी, अशी मिश्र जागा मोराला घनदाट जंगलापेक्षा जास्त मानवते. त्यामुळे मोर अभयारण्याच्या हद्दीत थांबत नाही. तो पांदणीने चालत गावापर्यंत येतो.

जंगलालगतच्या गावांना मोराचा आणखी एक उपयोग आहे. बिबट किंवा वाघ हलताना दिसला की मोर मोठ्यानं, घाईघाईनं ओरडतो. वानरं, चितळ आणि मोर हे जंगलाचे पहारेकरी मानले जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला आणि २०१९ च्या अखेरीस शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगेत पोचलेला टी-१ सी-१ वाघ जिल्ह्याला आठवत असेल. बिबट तर या भागात कायमचेच आहेत. पहाटे पाणी द्यायला वावरात जाताना नाल्याकडून मोर सारखा ओरडत असेल तर थोडं थांबावं, बॅटरी मारून अंदाज घ्यावा. दरवेळी बिबटच असेल असं नाही, कुत्रं किंवा कोल्हाही असू शकतो. पण दुर्लक्ष करू नये.

पिसारा म्हणजे शेपूट नाही

मोराचा पिसारा ही त्याची शेपूट आहे असं बहुतेकांना वाटतं. खरी शेपूट वेगळी असते. ती आखूड, तपकिरी, साधारण २० पिसांची असते आणि पिसाऱ्याच्या मागे दडलेली असते. पिसारा उभा राहतो तो तिच्या आधारानं. नाचणाऱ्या मोराच्या मागे जाऊन पाहिलं की ही शेपूट स्पष्ट दिसते. पिसारा म्हणजे शेपटीच्या वरच्या बाजूची, पाठीकडून येणारी लांबलचक पिसं. ती दीडशे-दोनशे असतात आणि बहुतेकांच्या टोकाला ‘डोळा’ असतो.

हा पिसारा जन्मापासून नसतो. पहिल्या वर्षी नर आणि मादी जवळजवळ सारखेच दिसतात. दुसऱ्या वर्षापासून नराची पिसं लांबायला लागतात आणि पूर्ण पिसारा यायला साधारण ४ वर्षं लागतात. म्हणजे मोठा पिसारा घेऊन हिंडणारा मोर किमान चार पावसाळे कुत्री, बिबट, विष आणि फासे चुकवून आलेला असतो.

रंगाचीही एक गंमत आहे. मोरपिसात निळा किंवा हिरवा रंग नसतोच. त्यात असतो तो तपकिरी-काळसर रंगद्रव्याचा अंश. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये अतिसूक्ष्म कणांची जाळीसारखी रचना असते, तिच्यावरून प्रकाश परततो तेव्हा निळा, हिरवा, सोनेरी दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकार. घरात मोरपीस असेल तर उजेडाच्या विरुद्ध धरून आरपार बघा. चमक जाते आणि पीस तपकिरी दिसतं.

पावसाळा संपत आला की ही पिसं गळायला लागतात. ऑगस्टपासून पुढे दोन-तीन महिन्यांत पिसारा झडतो. दिवाळीच्या सुमारास वावरात दिसणारा बोडका मोर आजारी नसतो, कुणी त्याची पिसं उपटलेलीही नसतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवा पिसारा येतो.

मोर नाचतो ते लांडोरीसाठी

ढग आले म्हणून मोर आनंदाने नाचतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मोर नाचतो ते लांडोरीला दाखवायला. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर एकाच भागात काही नर आपापली छोटी जागा धरतात, तिथे पिसारा फुलवतात. लांडोरी एका नराकडून दुसऱ्याकडे चालत जातात, पाहतात आणि निवड करतात. निवडीचा हक्क मादीचा. पिसारा थरथरवताना मोर ती पिसं सेकंदाला साधारण २५ वेळा हलवतो, त्यातून सळसळ आवाज होतो. आणि एवढ्या थरथरीतही ‘डोळे’ जवळजवळ जागच्या जागी स्थिर दिसतात.

हा पिसारा शास्त्रज्ञांनाही कोडं होता. पळायला अडचणीची, शत्रूला लांबून दिसणारी ही वस्तू टिकली कशी? चार्ल्स डार्विन यांनी १८६० मध्ये एका पत्रात मोरपीस पाहून आपल्याला अस्वस्थ व्हायला होतं, अशा अर्थाचं लिहिलं होतं. पुढे १८७१ च्या पुस्तकात त्यांनी उत्तर मांडलं : मादी ज्याला निवडते त्याची पिल्लं होतात, म्हणून पिसारा पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला. लांडोर नेमकं काय बघते यावर अजून वाद आहे. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात जास्त डोळ्यांच्या मोरांना जास्त लांडोरी मिळाल्या, तर जपानमधल्या काही वर्षांच्या अभ्यासात तसं आढळलं नाही.

मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते, हा मेसेज व्हॉट्सअॅपवर अजूनही फिरतो. २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी तसं बोलल्यावर तो देशभर गाजला. हे साफ चुकीचं आहे. मोर-लांडोरीचा संग कोंबडा-कोंबडीसारखाच होतो. नर मादीच्या पाठीवर चढतो, काही क्षणांत तो उरकतो, म्हणून माणसाच्या नजरेस कमी पडतो.

मृगापासून हस्तापर्यंत लांडोरीचे दिवस

संग झाल्यावर नराचं काम संपतं. घरटं, अंडी, पिल्लं सगळं लांडोर एकटी बघते. तिचा रंग मातकट, तपकिरी, आणि मोठा पिसारा नाही, ते याचसाठी. जमिनीवर बसून राहायचं तर दिसू नये हीच तिची सुरक्षा.

घरटं म्हणजे फार काही नसतं. झुडपाखाली, उंच गवतात, बोरीच्या जाळीत माती थोडी उकरून केलेला खळगा, त्यात चार पानं-काड्या. जून ते सप्टेंबर या दिवसांत त्यात साधारण ४ ते ६ अंडी असतात. फिकट पिवळसर-पांढरी, कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी. लांडोर जवळपास २८ दिवस ती उबवते. या चार आठवड्यांत ती चरायला, पाणी प्यायला थोडा वेळ उठते आणि परत येते.

पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच आईमागे चालायला लागतात. पंखांची पिसं लवकर येतात, साधारण दोन आठवड्यांत ती छोटी भरारी मारून आईसोबत फांदीवर बसू शकतात. तोवरचे दिवस सगळ्यात धोक्याचे. मुंगूस, घोरपड, कोल्हा, मांजर आणि भटकी कुत्री यांच्या टप्प्यात ती असतात. पिल्लांना सुरुवातीला किडेच जास्त लागतात, आणि किडे भरपूर मिळतात ते पावसाळ्यातच. म्हणूनच लांडोर उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात नाही, तर आपल्या पेरणीच्याच वेळी अंड्यावर बसते.

अडचण इथेच आहे. आपल्याकडे मोकळी पडीक जमीन कमी होत चालली आहे. नाल्याचा काठ, गायरानाचा तुकडा आणि धुरा एवढीच झाडोऱ्याची जागा उरते. लांडोर तिथेच बसते. आणि पावसाळ्यात धुऱ्यावर विळा चालतो तो नेमका तेव्हाच. गवत कापताना, तणनाशक मारताना, धुरा पेटवताना घरटं लक्षातच येत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत लांडोर हलत नाही, आणि उडाली तेव्हा उशीर झालेला असतो.

विष मोरासाठी नसतं, पण पोटात त्याच्या जातं

दरवर्षी देशात कुठून ना कुठून मोर एकदम मेल्याच्या बातम्या येतात. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत कारण निघतं विष लावलेलं धान्य किंवा बियाणं. कधी ते मुद्दाम ठेवलेलं असतं, कधी उंदरांसाठी किंवा रानडुकरांसाठी ठेवलेलं मोर खातात. पण एक मार्ग असा आहे की त्यात कुणाचाच वाईट हेतू नसतो.

सोयाबीन, कपाशी, मका यांच्या बियाण्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावून पेरणी होते. ती शिफारस योग्यच आहे, पीक चांगलं उगवतं. पण ट्रॅक्टर किंवा तिफण धुऱ्याजवळ वळते तिथे बी मातीत न जाता वरच सांडतं. बियाणं भरताना पिशवीतून ओंजळभर खाली पडतं. ते लाल-गुलाबी दाणे तसेच उघडे राहतात. मोर संध्याकाळी धुऱ्याकडूनच वावरात शिरतो आणि त्याला आधी मिळतात ते हेच दाणे. तितर, लावे, चिमण्या आणि कधीकधी आपल्याच कोंबड्याही त्याला बळी पडतात.

फोरेटसारख्या अतिविषारी दाणेदार कीटकनाशकावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात जुना साठा पडलेला असेल तर तो वापरू नये, नाल्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नये. तालुका कृषी कार्यालयात विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

पीक वाचवायचं तर

मोर सगळ्या हंगामात सारखं नुकसान करत नाही. पेरणीपासून पहिले आठ-दहा दिवस सगळ्यात नाजूक. सोयाबीनचा कोंब वर येतो तेव्हा दोन जाड दलं असतात, ती मोराला आवडतात. झाड चार-पाच पानांवर गेलं की त्याचं लक्ष तिथून उडतं. पुढे भुईमूग भरताना, हरभरा पेरताना, आणि टोमॅटो-मिरचीसारख्या भाजीपाल्याला पुन्हा त्रास होतो. म्हणजे राखण वर्षभर लागत नाही, ठरावीक दिवसांत लागते.

पहिली गोष्ट, बी शिफारशीइतकं खोल पडू द्या आणि नीट झाकलं जाऊ द्या. वळणावर सांडलेलं बी त्याच दिवशी मातीआड करा किंवा गोळा करा. यात बियाण्याचे पैसे वाचतात, कोंब खुडणं कमी होतं आणि विषबाधाही टळते. एकाच कामात तिन्ही.

दुसरी गोष्ट, राखण सकाळी आणि संध्याकाळी करा. मोर भर दुपारी सावलीत बसतो. झाडावरून उतरल्यावरचे पहिले दोन-तीन तास आणि दिवस मावळण्यापूर्वीचे दोन तास महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट, बुजगावणं एकाच जागी उभं ठेवू नका. मोर हुशार पक्षी आहे, तीन-चार दिवसांत ओळखतो. जागा बदला, कपडे बदला, चमकणाऱ्या फिती वाऱ्यावर हलतील अशा बांधा. भाजीपाल्याच्या छोट्या तुकड्याला जाळी लावता येते, पण ती ताणून, जमिनीला घट्ट लावा. ढिल्या नायलॉन जाळीत मोराचे पाय अडकतात आणि सापही अडकतात.

कुंपणात वीज सोडणं मात्र कोणत्याही कारणानं करू नका. मोर मरेलच, पण अशा तारेनं गुरं आणि माणसंही मरतात, आणि गुन्हा दाखल होतो.

नुकसान मोठं असेल तर फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच लेखी अर्ज द्या. कोणत्या प्राण्याच्या नुकसानीला किती भरपाई हे शासन निर्णयानुसार ठरतं आणि त्यात वेळोवेळी बदल होतात. त्यामुळे ऐकीव माहितीवर न राहता तिथेच विचारून खात्री करावी.

घरटं, पिल्लू किंवा जखमी मोर दिसला तर

धुऱ्यावर अंडी दिसली तर हात लावू नका. लांडोर जवळ नाही म्हणजे तिनं अंडी सोडली असं नाही, ती चरायला गेली असेल. त्याभोवतीचं दहा-बारा फुटांचं गवत महिनाभर कापू नका, एवढं पुरतं. फोटो काढायला रोज जाऊ नका. माणसाच्या पायवाटेने कुत्री येतात. घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका.

अंडी घरी आणून कोंबडीखाली ठेवण्याची काही ठिकाणी सवय आहे. पिल्लं निघतातही. पण कोंबडीकडून त्यांना मानमोडीसारखे रोग लागू शकतात, रानात जगायचं कसं हे ती शिकत नाहीत, आणि हे कायद्यानंही चालत नाही.

एकटं पिल्लू दिसलं तर पळवून घरी आणू नका. आई बहुतेक वेळा जवळच गवतात असते. कुत्री हाकला, लांब जा आणि अर्धा-एक तास बघा. पिल्लू उघड्यावर असेल तर त्याच ठिकाणी झुडपाच्या सावलीत सरकवून ठेवा.

कठडा नसलेल्या विहिरीत किंवा शेततळ्यात पिल्लं पडतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरतो आणि वर येता येत नाही. एका कोपऱ्यात जाड दोरखंडाची जाळी किंवा खडबडीत फळी पाण्यापर्यंत सोडून ठेवली तर मोराचं पिल्लू, मुंगूस आणि चुकून पडलेलं माणसाचं लेकरूही त्याला धरून वर येऊ शकतं.

जखमी मोर सापडला तर त्याच्या डोक्यावर हलकं फडकं टाका, अंधार झाला की तो शांत होतो. मोठ्या खोक्यात किंवा टोपल्याखाली ठेवा, हवा खेळती ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, श्वासात जातं. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ या क्रमांकावर किंवा गावच्या वनरक्षकाला फोन करा. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता वनविभाग आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. विषबाधा आहे की रोग, हे तपासणीशिवाय कळत नाही.

कायदा काय सांगतो

मोर १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, त्याला संरक्षण आहे. मोराची शिकार केल्यास किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे.

इथे ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कायद्यात बंदुकीनं मारणं एवढीच शिकार नाही. विष घालणं, फासा लावणं, पकडणं, अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणं हेही त्यात येतं. मोराचं मांस किंवा तेल सांधेदुखीवर चालतं, ही समजूत निराधार आहे. विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

मोरपिसांचं मात्र वेगळं आहे. आपोआप गळलेली पिसं घरात ठेवायला आणि देशात विकायला कायद्यात सूट आहे. देवघरातलं मोरपीस, वासुदेवाची टोपी, दर्ग्यातला मोरचेल यांना त्यामुळे अडचण नाही. परदेशात पाठवायला मात्र परवानगी नाही. बाजारात पिसांची जुडी घेताना बुडखा बघावा. गळलेल्या पिसाचा बुडखा कोरडा आणि स्वच्छ असतो. उपटलेल्या पिसाच्या बुडाशी रक्ताचा डाग राहू शकतो, आणि बुडखे कापून टाकलेले असतील तरी शंका घ्यावी.

मोर वाढले, मग काळजी कशाला?

‘मोर तर वाढलेत’ असं अनेक शेतकरी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तयार झालेल्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालातही मोरांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढल्याचं नमूद आहे. जगातही हा पक्षी धोक्यात असलेल्यांच्या यादीत नाही. त्याचे दोन नातेवाईक मात्र सुखात नाहीत. आग्नेय आशियातला हिरवा मोर आणि आफ्रिकेत काँगोच्या जंगलातला मोर, दोघांचीही संख्या घटती आहे. काँगोचा मोर शास्त्राला कळला तोच १९३६ मध्ये.

पण देशाचा आकडा वाढला म्हणजे प्रत्येक शिवारात मोर वाढला असं होत नाही. विषाचं एकच प्रकरण एका नाल्याकाठचा अख्खा कळप संपवू शकतं, आणि चार वर्षांनी पिसारा येणारा नर लगेच भरून येत नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या मोठ्या पक्ष्याचं काय होऊ शकतं याचं उदाहरण महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. माळढोक हा मोराइतकाच नव्हे, मोराहून वजनदार पक्षी. एका वेळी बहुधा एकच अंडं, तेही उघड्या माळावर. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं, पण माळरानं मोडली आणि आज तिथे तो दिसणं दुर्मिळ झालं आहे. मोर टिकला कारण तो झाडावर झोपतो, काहीही खातो, चार-सहा अंडी घालतो आणि लोकांनी त्याला देवाचा पक्षी मानून सांभाळला.

सांभाळण्याचा फायदाही गावाला होऊ शकतो. पुणे जिल्ह्यातली मोराची चिंचोली आपल्या चिंचा आणि मोर यांच्यामुळे पर्यटकांच्या नकाशावर आली. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात मोरांसाठीच नायगाव मयूर अभयारण्य आहे. लोणारला तर पर्यटक आधीच येतात.

शेतकऱ्यासाठी मोराचं वर्ष थोडक्यात

एप्रिल-मे : नराचा पिसारा पूर्ण भरलेला, नाच सुरू. पाण्याची टंचाई. गोठ्याजवळच्या हौदावर मोर येतात, तिथे कुत्री मोकळी सोडू नका.

जून-जुलै : पेरणी आणि अंडी एकाच वेळी. सांडलेलं बी झाका, सकाळ-संध्याकाळ राखण करा, धुरा पेटवू नका.

ऑगस्ट-सप्टेंबर : पिल्लांचे दिवस. गवत कापण्याआधी काठीनं हलवून बघा. शेततळ्यात दोरजाळी सोडा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पिसं गळतात. गळलेली उचलायला हरकत नाही. हरभऱ्याच्या पेरणीत बी नीट झाका.

डिसेंबर ते मार्च : नवा पिसारा येतो. कळप मळ्यात आणि भाजीपाल्यात दिसतात. धुऱ्यावरची मोठी झाडं याच दिवसांत तोडली जातात. ज्या झाडावर मोर रात्री बसतात ते एवढं एक तरी ठेवा.